कार्डभाऊ

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात कुणाकडे नवी वस्तू आली की शेजारीपाजारी किंमत विचारतात. कार्डभाऊ विचारतात, "उघडते का?" मिक्सर असो, शिलाई मशीन असो, नव्या सुनेनं माहेरून आणलेली इस्त्री असो, भाऊ आधी तिला उताणी पाडतात, बोटांनी पोट चाचपतात, आणि स्क्रू लागले नाहीत की "चिकटवलेली आहे" एवढं बोलून बशीतला चहा तसाच सोडून उठतात. यजमानीण बिचारी चहात काय पडलं ते बघत बसते.

चिकटवलेलं आणि सोल्डर केलेलं, या भाऊंच्या दोन शिव्या. दुसरी जास्त जहरी. लॅपटॉपची मेमरी बोर्डावर सोल्डर करून टाकली की घेताना जी मिळाली तीच मरेपर्यंत. वाढवायची तर अख्खा लॅपटॉप नवा घ्या. पातळ लॅपटॉपांच्या नादात कितीतरी कंपन्या हेच करत आल्या, आणि पुराणात ज्याला कलियुग म्हटलंय ते हेच, असं भाऊंचं मत आहे. माणसांनाही ते हाच निकष लावतात. पुतणीला खंडव्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत कारकून, घर स्वतःचं, पत्रिका जुळलेली. भाऊंनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "खात्याच्या परीक्षा देता का?" मुलगा म्हणाला, "आहे त्यात समाधानी आहे." परतीच्या गाडीत नेपानगर येईपर्यंत भाऊ गप्प होते. मग म्हणाले, "सोल्डर केलेला आहे." स्थळ मोडलं. पुतणीनं पुढे स्वतःच जमवलं. त्या जावयाबद्दल भाऊ चारचौघांत सांगतात, "दोन स्लॉट रिकामे आहेत." ही स्तुती आहे हे जावयाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे वेड आलं कुठून, ते भाऊंच्या दुकानात बसल्यावर कळतं. बऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव, आणि भाऊंचं दुकान लूमच्या सुट्या भागांचं. धोटे, पिकर, फण्या, चामड्याचे पट्टे, तेलकट कागदात गुंडाळलेली गिअरं. ग्रीसचा वास दुकानाला आहे तसा भाऊंनाही आहे. लहानपणापासून त्यांनी एकच गोष्ट पाहिली: गिऱ्हाईक येतं, तुटका तुकडा काउंटरवर आपटतं, तसाच नवा तुकडा घेऊन जातं आणि तासाभरात लूम पुन्हा खडखडायला लागतो. "लूम जुना झाला, फेकून देतो," असं कुणी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्या गल्लीत एक लूम आहे. त्याची मोटार बदलली, बीम बदलला, धोट्याची पेटी बदलली, चौकट गंजली म्हणून तीही अर्धी बदलली. तरी मालक छातीला हात लावून सांगतो की हा माझ्या आजोबांचा लूम. मी हसलो तर भाऊ चिडले. "आजोबांचाच आहे सरजी. तुकडे काय, येतात जातात."

असा हा माणूस. दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला त्याचा पहिला लॅपटॉप बॅटरी फुगून टम्म झाला, आणि दुरुस्तीवाल्यानं तो हातात घेऊन न उघडताच "इसमें कुछ निकलता नहीं, नया ले लो" असं सांगितलं. कुणी आई-बहिणीवरून बोललं असतं तर भाऊंनी ऐकून घेतलं असतं. हे त्यांना सोसलं नाही.

त्या संतापातून त्यांना फ्रेमवर्कचा पत्ता लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या या कंपनीनं २०२१ साली आपला पहिला लॅपटॉप बाजारात आणला. संस्थापक नीरव पटेल, पूर्वी ऑक्युलसमध्ये काम केलेले. हा लॅपटॉप असा की खालचे पाच स्क्रू सैल केले की तो उघडतो. स्क्रू झाकणातच अडकून राहतात, पलंगाखाली पळत नाहीत. पेचकस कंपनीच खोक्यात घालून देते. आतल्या भागांवर क्यूआर कोड छापलेले. मोबाइल धरला की तो भाग कसा काढायचा त्याची माहिती उघडते. मेमरी काढा, डिस्क काढा, बॅटरी काढा, बिजागऱ्या काढा. कडेची भोकंसुद्धा कायमची नाहीत, काडेपेटीहून लहान डब्या सरकवायच्या. आज एचडीएमआय हवं तर ती डबी, उद्या मेमरी कार्ड वाचायचं तर दुसरी. आणि प्रोसेसर म्हातारा झाला की बोर्ड तेवढा बदला: २०२१ च्या सांगाड्यात २०२५ चा बोर्ड बसतो. भाऊंनी हे सगळं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "हा लूम आहे."

बऱ्हाणपुरात तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनींच्या मावसभावाची सून कॅलिफोर्नियात असते. दिवाळीला ती आली तेव्हा घेऊन आली. भाऊंनी मुद्दाम सुटा मागवला होता, मेमरी आणि डिस्क आपल्या हातानं बसवायची म्हणून. खोकं उघडल्यावर आईंनी वाकून पाहिलं आणि हळहळल्या, "एवढ्या लांबून आणला आणि मोडका निघाला का रे?"

तेव्हापासून भाऊंच्या शर्टाच्या खिशात, लोक जिथे पेन ठेवतात तिथे, तो पेचकस असतो. पाहुणा आला की पाण्याच्या आधी लॅपटॉप उघडला जातो. इथे उघडला म्हणजे झाकण वर केलं असं समजू नये. उलटा करून उघडला.

इथवर ठीक होतं. पण एके दिवशी भाऊंच्या लक्षात आलं की आपल्या या लॅपटॉपात एक भाग काही हलत नाही: ग्राफिक्स. तेरा इंची मॉडेलात तो प्रोसेसरच्या पोटातच असतो. सोळा इंचीमध्ये कंपनीनं २०२४ पासून मागच्या बाजूनं अख्खं ग्राफिक्स मॉड्यूल काढता-घालता येईल अशी सोय केली आहे, पण तो लॅपटॉप आणायला वहिनींच्या नात्यात दुसरी सून नव्हती. तेव्हा मार्ग एकच उरला. कार्ड बाहेर ठेवायचं आणि केबलनं जोडायचं.

कल्पना काही नवी नव्हे. आसुसनं असं एक यंत्र २००७ मध्येच दाखवलं होतं. ॲपलनं २०१८ साली मॅकला बाहेरचं कार्ड रीतसर जोडू दिलं आणि २०२० मध्ये स्वतःच्या चिपा आणून ते दार लावून घेतलं. गूगलनं तुकड्यातुकड्यांचा मोबाइल करायला घेतला होता, 'प्रोजेक्ट आरा' नावाचा. तो २०१६ च्या सप्टेंबरात गुंडाळला. हा इतिहास भाऊंना तोंडपाठ आहे, आणि पितृपक्षाच्या सुमारास आराची आठवण हमखास निघते. बऱ्हाणपूरच्या माणसाला हातचं गेलेलं मोजायची सवयच आहे म्हणा. मुमताजमहल १६३१ च्या जूनमध्ये इथेच वारली, तापीपलीकडे आहूखान्याच्या बागेत तिला पुरलं, आणि डिसेंबरात आग्र्याला नेलं. ताजमहाल आपल्याकडेच व्हायचा होता ही हळहळ गावात अजून ऐकू येते. भाऊ मुमताज आणि आरा ही दोन्ही दुःखं एकाच सुरात सांगतात. नवख्याला वाटतं दोघी सवती होत्या.

आता, कार्ड हवं कशाला? हा प्रश्न गल्लीत सगळ्यांनी मनात विचारला, तोंडावर कुणी नाही. भाऊ गेम खेळत नाहीत. सिनेमे कापत-जोडत नाहीत. लॅपटॉपवर ते टॅली उघडतात आणि महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरतात, आणि लूमच्या पिकरची बिलं दाखवायला टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

कार्ड इंदूरला मिळालं. त्यामागेही जगाची एक उलथापालथ आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं आपला कारभार नव्या पद्धतीवर नेला आणि जगभर रात्रंदिवस त्याची नाणी खोदणारी ग्राफिक्स कार्डं एकाएकी बेकार झाली. ती पोत्यापोत्यांनी जुन्या बाजारात उतरली. त्यांतलंच एक, २०१७ सालचं आरएक्स ५८०, जेल रोडवरच्या एका गाळ्यात भाऊंच्या हाती लागलं. दुकानदार त्याचे गुण सांगत होता, भाऊंनी ते नाकाशी नेलं, भाजक्या धुळीचा वास घेतला आणि म्हणाले, "कष्टाळू आहे." मग इंदूर-इच्छापूर रस्त्यानं एका खाजगी बसनं ते कार्ड मांडीवर घेऊन भाऊ घाट उतरले. खिडकीची जागा कार्डाला, म्हणजे वारा लागेल.

कार्डाला घर हवं. बाजारात त्यासाठी देखणे धातूचे डबे मिळतात. त्यांच्या किमतीत भाऊंना आणखी दोन कार्डं दिसली. त्यांनी एक उघडं डॉक मिळवलं, तळहाताएवढा हिरवा बोर्ड, वर कार्ड उभं राहायची लांब खाच. आणि घर म्हणून मंडईतून केळीचं प्लास्टिकचं कॅरेट आणलं. बऱ्हाणपूरची केळी ज्यात चढतात तेच, निळं, चारी बाजूंनी जाळीदार. खरं सांगायचं तर मे महिन्यात ४५ अंशांच्या गावात कार्डाला याहून बरं घर मिळणं कठीण. हवा सगळीकडून जाते. पालही जाते. पण पाल आत जाऊन पंख्यावर बसली तो प्रसंग इथे नको.

मग वीज. हे कार्ड भर कामात १८५ वॉटपर्यंत खातं. लॅपटॉपच्या भोकातून एवढी मिळत नाही, म्हणून डेस्कटॉपचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो. पण तो आडमुठा: मदरबोर्डनं सांगितल्याशिवाय चालू होत नाही, आणि इथे त्याला सांगायला मदरबोर्ड नाही. तेव्हा त्याला फसवायचं. चोवीस भोकांचा जो रुंद प्लग असतो त्यात हिरवी तार एकच. तिचं भोक आणि शेजारच्या काळ्या तारेचं भोक धातूच्या तुकड्यानं जोडलं की त्याला वाटतं हुकूम आला. भाऊंनी घरभर तार शोधली आणि शेवटी आरशाच्या फळीवरून वहिनींचा केसांचा आकडा उचलला. खोचला. पंखा हलेना. काढला, उलटा खोचला. नाही. चिमट्यात धरून उजेडात पाहिल्यावर उमगलं: आकड्यावर काळा मुलामा, आणि मुलाम्यातून वीज जात नाही. दाढीच्या ब्लेडनं दोन्ही टोकं खरवडली, पिवळट धातू दिसू लागला, फुंकर मारली, पुन्हा खोचला. पंख्यानं अर्धा झटका खाल्ला, थांबला, आणि फिरायला लागला. भाऊंनी हात जोडले. वहिनींना आकड्याचा पत्ता लागला तो थेट लोहारमंडीतल्या लग्नाला निघताना. त्यांनी चालू यंत्रातून तो उपसला, अंबाड्यात खोवला आणि चालत्या झाल्या. यंत्र जागच्या जागी गतप्राण. भाऊ मला म्हणाले, "टोकं खरवडलेली आहेत, टोचेल तिला." काळजीच होती ती, पण कुणाची ते मला ठरवता आलं नाही.

केबल जोडली तरी लगेच सगळं चालत नाही. विंडोज बारा नंबरचा एरर देते: या उपकरणापुरती मोकळी जागा माझ्याकडे नाही. पहिल्यांदा तो आला तेव्हा भाऊ ओरडले, "बारा!" माजघरातून आई म्हणाल्या, "अरे, साडेदहाच तर झालेत." मग बंद करून चालू करणं, आधी केबल मग वीज, आधी वीज मग केबल, बायोसमध्ये शिरणं, ड्रायव्हर उपटणं, ड्रायव्हर लावणं. या काळात भाऊंचा चेहरा इतका प्रसन्न असे की दुकानात उधारी मागणारे लोक याच सुमारास येत.

कार्ड बाहेर ठेवल्यावर वेगाचं काय होतं, हे भाऊ कुणालाही समजावून सांगतात, न विचारता. डेस्कटॉपात हे कार्ड सोळा मार्गिकांच्या खाचेत बसतं. थंडरबोल्टचं भोक सेकंदाला ४० गिगाबिटांचं, त्यातले डेटासाठी कार्डाच्या वाट्याला येतात ३२. म्हणजे चारच मार्गिका. कार्ड तेच, ताकद तीच, वाट पाव. शिवाय रंगवलेलं चित्र लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहायचं तर ते त्याच वाटेनं परत येणार, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांची टक्कर. हे सांगून झालं की भाऊ पाहुण्याला गाडीवर बसवून कुंडी भंडाऱ्याला नेतात. खानखाना अब्दुर्रहीमच्या वेळची, १६१५ च्या सुमाराची ती जलव्यवस्था. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवून बोगद्यातून, कुंडीमागून कुंडी, शहरापर्यंत आणलं, नुसत्या उतारावर. लिफ्टनं खाली उतरलं की गुडघाभर गार पाण्यात उभं राहून भाऊ व्याख्यान देतात. "पाणी सातपुड्यात, गाव तापीवर, मधे बोगदा. कार्ड कॅरेटात, लॅपटॉप टेबलावर, मधे केबल. बोगदा अरुंद असेल तर पहाडात कितीही पाणी असून काय उपयोग? चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होतं हे, सरजी." मी म्हणालो, खरं आहे, फरक इतकाच की खानखानाचा जोड एवढी वर्षं बारा नंबर न देता चालतोय. त्यानंतर काही दिवस मला कुंडी भंडाऱ्याला नेलं गेलं नाही.

अखेर जमलं. जमलं म्हणजे कार्ड ओळखलं गेलं. मग त्यावर काय चालवायचं? गेम नाही, सिनेमा नाही. भाऊंनी चाचणी चालवली. 'हेवन' नावाचा एक कार्यक्रम आहे, युनिजिन कंपनीचा, २००९ चा. कार्डाची ताकद मोजायला जगभर वापरतात. त्यात आकाशात तरंगणारं एक बेट दिसतं, त्यावर दगडी गल्ल्यांचं गाव, हवेत लटकलेलं एक जहाज, मधोमध ड्रॅगनचा पुतळा. कॅमेरा त्या गल्ल्यांतून फिरतो आणि कोपऱ्यात आकडा बदलत राहतो. आईंनी नाव विचारलं. भाऊ म्हणाले, "हेवन, म्हणजे स्वर्ग." आईंनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि हात जोडले. जहाज दिसलं तेव्हा म्हणाल्या, "पुष्पक." ड्रॅगनपाशी जरा अडल्या, पण शेषनाग म्हणून तोही बसला. आता एकादशीच्या दुपारी गल्लीतल्या चार म्हाताऱ्या स्वर्ग बघायला येतात. त्या स्वर्ग बघतात, भाऊ कोपऱ्यातला आकडा. एकदा ऐन पुष्पकाच्या वेळी लाइट गेली, इन्व्हर्टरनं क्षणभर घेतली, एक लांब टीं केलं आणि मान टाकली. अंधारात एकीनं विचारलं, "संपलं का पुण्य?"

पुरुषमंडळींसाठी वेगळा बेत असतो. भाऊ दराबा खायला बोलावतात. आमच्याकडचा दराबा, रवा-तूप-साखर फेटफेटून केलेला, जिभेवर ठेवला की विरघळतो. प्रात्यक्षिक विरघळत नाही. आधी कार्डाशिवाय चाचणी, मग कार्डासकट. मग बाहेरच्या मॉनिटरवर, मग लॅपटॉपच्या पडद्यावर. मग झाकण काढून. दराब्याची दुसरी वाटी आली की ओळखावं, आता आलेख येणार.

अशाच एका संध्याकाळी मी तो प्रश्न विचारला. टेबलावर लॅपटॉप होता. त्याला मॉनिटर बाहेरून, कीबोर्ड बाहेरून, कार्ड बाहेरून, कार्डाची वीज बाहेरून. केबल जेमतेम हातभर, कारण स्वस्तातली केबल लांब झाली की एवढा वेग टिकत नाही. म्हणजे लॅपटॉप कॅरेटापासून हातभर सरकू शकत नव्हता. मी म्हणालो, "भाऊ, मग हा डेस्कटॉपच नाही का?"

खोलीत शांतता पसरली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हा प्रश्न त्यांनी कधीचा जपून ठेवला असावा.

भाऊ म्हणाले, "डेस्कटॉप उचलता येत नाही."

"तुम्ही हा कुठे उचलता?"

"उचलत नाही," भाऊ शांतपणे म्हणाले. "उचलता येतो."

यावर बोलायला काही उरलंच नाही. मला वाटतं सगळा माणूस त्या एका वाक्यात आहे. भाऊंच्या गच्चीला वर आणखी एक मजला घालता येतो, म्हणून गंजक्या सळया वर काढून ठेवल्यात. मुलाच्या सायकलला मोटार बसवता येते. भाऊंना तबला शिकता येतो, डग्गा घरात आहे. जगातली माणसं काय काय करतात याचं त्यांना कौतुक नाही. काय काय करता येईल, याची वही मात्र भरलेली.

म्हणूनच २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांना जो धक्का बसला तो आम्हा इतरांना समजला नाही. फ्रेमवर्कनं स्वतःचा डेस्कटॉप जाहीर केला, आणि त्यात मेमरी सोल्डर केलेली! कंपनीनं कारणही दिलं: एएमडीच्या त्या चिपला मेमरीशी इतक्या रुंद आणि वेगवान वाटेनं बोलायचं असतं की काढघालीच्या खाचेतून ते नीट जमत नाही, करून पाहिलं, जमलं नाही. कारण पटण्यासारखं होतं. भाऊंनाही पटलं, आणि पटलं हेच त्यांना लागलं. दोन वेळा जेवले नाहीत. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "घरचाच माणूस, सरजी." मी म्हणालो, निदान लॅपटॉप तरी तसेच आहेत ना? त्यांनी खिशातला पेचकस काढला, खालचे पाच स्क्रू सैल केले, झाकण उचललं, दोन्ही मेमऱ्या जागच्या जागी सुट्या आहेत याची खात्री केली आणि मग जेवायला बसले.

'कार्डभाऊ' हे नाव पोरांनी दिलं आणि बघता बघता गल्लीबाहेर गेलं. त्याचा एक त्रास झाला. सिंधीपुऱ्यात कुणी कार्डवाले आहेत एवढंच लोकांपर्यंत पोचलं, आणि आयुष्मान कार्ड काढायला, राशन कार्डात सुनेचं नाव चढवायला, समग्र आयडी जोडायला बाया सकाळपासून पायरीवर येऊन बसू लागल्या. भाऊंनी कुणाला परत पाठवलं नाही. जोडणं म्हटल्यावर त्यांचा नाइलाज असतो. मोबाइल आधारला, आधार समग्रला, समग्र खात्याला. ओटीपी येईना की त्यांचे डोळे चमकायला लागतात. एका आजींचं ई-केवायसी पहिल्याच फटक्यात झालं तेव्हा त्यांनी जरा खट्टू होऊन विचारलं, "आणखी काही अडलंय का?"

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे. कॅरेट पाहिलं, डोळे विस्फारले, म्हणाला, "मामा, भारी!" भाऊ आलेख काढणार तोच पोरानं बॅगेतली डिस्क जोडली आणि जीटीए सुरू केला. भाऊ मागे उभे. मॉनिटरवर गाड्या उडत होत्या, माणसं पळत होती, कार्डाचे पंखे पहिल्यांदाच खऱ्या कामानं घोंघावत होते. भाऊ म्हणाले, "तापेल ते." भाचा म्हणाला, "७४ डिग्री आहे मामा, नॉर्मल." भाऊ म्हणाले, "चाचणी लाव ना, आकडा दिसेल." भाचा म्हणाला, "आकडा कशाला, स्मूथ चालतंय की." अकराला भाऊ झोपायला गेले, बाराला पाणी प्यायला उठले, एकला केबल नीट बसली आहे का ते बघायला आले. पहाटेपर्यंत पोरगं खेळत होतं.

सकाळी त्यांनी विचारलं, "किती वेळा बंद पडलं?"

"एकदाही नाही."

"पडदा काळा झाला असेल मधे."

"नाही मामा. एकदम परफेक्ट सेटअप आहे तुमचा."

भाऊ दुकानात गेले, पण गिऱ्हाइकाला पिकरच्या जागी फणी दिली. दुपारी जेवले नाहीत. वहिनींनी मला निरोप पाठवला, जरा बघून जा म्हणून. संध्याकाळी गेलो तर भाचा सुखात झोपलेला, कॅरेट गप्प, आणि भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. मला पाहून मान वर केली. चेहऱ्यावर ती जुनी प्रसन्नता परत आली होती.

"ऑक्युलिंक," ते म्हणाले. "चार मार्गिका चौथ्या पिढीच्या, ६४ गिगाबिट, दुप्पट. मधे थंडरबोल्टची दलालीच नाही, थेट."

"पण या लॅपटॉपला तसलं भोक आहे का?"

"नाही ना! डिस्कची खाच आहे ना, एम डॉट टू, तिथे लावायचं."

"मग डिस्क?"

"बाहेर."

"आणि केबल कुठून काढणार?"

"झाकण थोडं कापावं लागेल." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चिरकला, पण लगेच सावरले. "आणखी एक आहे. ही केबल चालू असताना काढता-घालता येत नाही. प्रत्येक वेळी सगळं बंद करायचं, जोडायचं, मग चालू करायचं. आणि पहिल्या झटक्याला ओळखेलच असं नाही."

"मग घेताय कशाला?"

भाऊंनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. खिशातला पेचकस काढून लॅपटॉप उताणा केला, पहिला स्क्रू सैल करता करता आवाज उतरवून, वहिनींना ऐकू जाणार नाही असा, म्हणाले, "सरजी, तुमचं कुणी तिकडून येतंय का दिवाळीला?"